नामांतर आणि संकेतस्थळावरील पत्ते : पुनर्लेखन नियम व परिवेश-चलांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
राजगडाच्या पायथ्याच्या पाली गावाचा पत्ता 'तालुका वेल्हे' असा लिहिला जात आला. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्यास मान्यता दिली. नामांतरानंतरही कागदावरील जुना संदर्भ वाचता येतो. संकेतस्थळाच्या पत्त्यातील नाव बदलले की मात्र जुना दुवा निकामी होतो व त्यावर आधारलेली तळटीप निराधार ठरते. यावरील तांत्रिक उपायाचा प्रस्तुत लेखात आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
परिवेश-चल, म्हणजेच 'एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल', ही संगणक प्रणालीने प्रोग्रामसोबत दिलेली नाव व मूल्य यांची जोडी होय. युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीपासून ती प्रचलित झाली. १९९३ मध्ये अमेरिकेतील एनसीएसए येथे आकारास आलेल्या सीजीआय पद्धतीने वाचकाच्या मागणीचा तपशील याच चलांद्वारे प्रोग्रामपर्यंत पोहोचविला. एप्रिल १९९६ मध्ये राल्फ एंगेलशाल यांनी अपाची सर्व्हरसाठी 'मॉड-रीराइट' हे मोड्यूल लिहिले व जुलै १९९७ मध्ये ते अपाची गटाच्या स्वाधीन केले.

कार्यपद्धती :
जुन्या नावाचा पत्ता मागितला गेल्यास पुनर्लेखनाचा नियम ३०१ या संकेतांकासह वाचकास नव्या पत्त्याकडे वळवितो. त्याच नियमास 'ई' हा निर्देशक जोडल्यास एका चलात मूल्य साठविता येते. सर्व्हरच्या नोंदवहीस त्या चलाची अट घातली की जुन्या नावाने आलेल्या मागण्यांची स्वतंत्र नोंद होते. मात्र अंतर्गत पुनर्निर्देशन घडल्यास चलाच्या नावाआधी 'रीडायरेक्ट' हा उपसर्ग लागतो.

देवनागरी पत्त्यांचा प्रश्न वेगळा आहे. 'पाली' हा शब्द युनिकोडमध्ये ४ चिन्हांचा, यूटीएफ-८ मध्ये १२ बाइटांचा, तर पत्त्यातील टक्केचिन्हांकित रूपात ३६ अक्षरांचा होतो. नियमाची तुलना उकललेल्या रूपाशी होत असल्याने तो देवनागरीत लिहिता येतो.

निष्कर्ष :
रायगड जिल्ह्यातही बल्लाळेश्वराचे पाली आहे. त्यामुळे तालुक्याचे नाव हा गावाच्या ओळखीचाच भाग ठरतो. पुनर्लेखनाने जुना व नवा पत्ता जोडला जातो. परिवेश-चलाच्या साहाय्याने ठेवलेली नोंद जुने नाव किती काळ वापरात राहिले याची साक्ष देते. म्हणून अशी नियमावली व नोंदवही यांचे जतन दप्तराइतक्याच काळजीने होणे इतिहास-संशोधनाच्या दृष्टीने आवश्यक आहे.