खांबात औषध गेलं, पण कुठे?

आज लाकडाच्या औषधाची गोष्ट. 1933 साली देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं. पाण्यातून द्यायचं, पण क्रोमियममुळे लाकडात घट्ट बसणारं. लाकडातली हवा पंपाने खेचायची, मग दाबाने औषध आत ढकलायचं. पाइनच्या खांबांना ते मस्त मानवलं.

निलगिरीने मात्र चकवलं! 1970च्या दशकात ऑस्ट्रेलियात औषध दिलेले निलगिरीचे विजेचे खांब जमिनीलगत कुजू लागले. म्हणजे औषध प्यायलं नव्हतं का? प्यायलं होतं की! पण ते मुख्यतः पाणी वाहणाऱ्या नळ्यांतून फिरलं. खांबाला ताकद देणाऱ्या तंतूंच्या भिंतींत कमीच पोचलं. बुरशीने नेमक्या त्याच भिंती पोखरल्या. शोषलेल्या औषधाचं नुसतं वजन बघणं मला म्हणूनच अपुरं वाटतं. शेवटी त्या खांबावर लाइनमन चढतो.