जालना पंप

जालना पंप : कठीण खडकातील विंधण विहिरीतून पिण्याचे पाणी उपसण्यासाठी जालना येथे १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झालेला पोलादी हातपंप. पुढे जगभर प्रसार पावलेल्या इंडिया मार्क-२ या हातपंपाचा हा पूर्वज होय.

जालना जिल्ह्याची (स्थापना १ मे १९८१) भूमी दख्खनच्या बेसाल्ट खडकाची आहे. या खडकात पाणी मुरते ते झिजलेल्या थरांत व भेगांत. त्यामुळे साठा थोडा व अनिश्चित असतो. जालना शहरासाठी जमशेदखानाने मोती तलाव बांधून जमिनीखालील नळांनी पाणी आणले होते. खेड्यांना मात्र आडाचाच आधार होता आणि पाऊस हुकला की तो उन्हाळ्यापूर्वीच आटे. शिवाय गावच्या आडावर पाणी शेंदण्याची सर्वांना मुभा नसे.

बेसाल्टमध्ये आघातपद्धतीने विंधण विहीर घेण्यास कित्येक आठवडे लागत. दाबित हवेवर चालणाऱ्या हातोड्याच्या यंत्रांनी हे काम एकदोन दिवसांवर आणले. जालन्यात एकोणिसाव्या शतकापासून कार्य करणाऱ्या स्कॉटिश मिशनने अशा विहिरी खोदण्याचे काम हाती घेतले. पाणी लागू लागले; पण ते वर येईना, कारण त्यावर बसविलेले बिडाचे पंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी पाश्चात्त्य देशांत बनलेल्या पंपांच्या नकला होत्या. पहाटेपासून रात्रीपर्यंत साऱ्या गावाने दांडा हापसला की त्यांच्या बिजागऱ्या झिजत व सांधे तुटत. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास केलेल्या पाहणीत देशातील सुमारे तीनचतुर्थांश हातपंप बंद आढळले. विहिरींची संख्या अहवालात वाढत असता गावे तहानलेलीच राहिली, हे त्या काळच्या नियोजनाचे मोठे अपयश म्हटले पाहिजे.

जालना पंपात बिडाऐवजी पोलाद वापरले आणि अनेक बिजागऱ्यांऐवजी एकच ठेवली. सुधारणा दिसावयास साधी, परंतु निर्णायक होती. तिच्यावरून वडाळा व सोलापूर येथे सुधारित पंप निघाले. सोलापूर पंपाच्या आधारे युनिसेफ, मद्रासची यांत्रिकी संशोधन संस्था व रिचर्डसन अँड क्रुडास यांनी इंडिया मार्क-२ सिद्ध केला. त्यात दांड्याच्या टोकाशी साखळी असल्याने दट्ट्याची कांब सरळ वर-खाली होते. १९७६ मध्ये कोईमतूर भागात चाचण्या झाल्या व लवकरच मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. एकस्वाचे बंधन नसल्याने आफ्रिकेतील अनेक देशांनीही तो स्वीकारला. दुरुस्ती गावातच व्हावी म्हणून मार्क-३ मध्ये नळ न काढता दट्ट्या वर घेण्याची सोय करण्यात आली.

मार्क-२ साधारणतः ४५ मी. खोलीपर्यंत उपयोगी पडतो. सिंचनाच्या विंधण विहिरी त्याहून कितीतरी खोल गेल्या. पिण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मी.च्या आत नवी विहीर घेण्यास १९९३ च्या राज्य कायद्याने निर्बंध घातला, तरी तो बहुधा कागदावरच राहिला. २०१२-१३ च्या अवर्षणात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता; जेथे हा पंप जन्मला त्या परिसरातच हातपंप कोरडे पडून गावांना टँकरची वाट पाहावी लागली.