चौदा ठिपके, एकवीस रेघा

दरवर्षी मी फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी चौदा ठिपके काढायचो. सात पांढरे म्हणजे एका छोट्या भूमितीतले बिंदू, सात पिवळे म्हणजे तिच्यातल्या रेषा. जो बिंदू ज्या रेषेवर, त्या दोन ठिपक्यांना जोडायचं. एकवीस रेघा झाल्या की आकृती पुरी. ‘याला लेव्ही आलेख म्हणतात,’ एवढं सांगून पुढे जायचो. हा लेव्ही कोण, हे मुलांनी विचारलं नाही आणि मीही बरीच वर्षं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

फ्रीडरिख लेव्ही लाइपझिगला गणित शिकवायचे. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढून त्यांनी आयर्न क्रॉस मिळवला होता. ७ एप्रिल १९३३ ला नाझी सरकारने कायदा केला आणि ज्यू प्राध्यापकांच्या नोकऱ्या जाऊ लागल्या. आघाडीवर लढलेल्यांना तेवढी सूट होती. १९३५ मध्ये तीही गेली. सत्तेचाळिसाव्या वर्षी लेव्हींना घरी बसवलं.

इकडे लंडनमध्ये १९३३ च्या मे महिन्यातच बेव्हरिज, रदरफर्ड अशा मंडळींनी बडतर्फ विद्वानांसाठी मदत परिषद उभी केली होती. संसारी माणसाला वर्षाला २५० पौंड, एकट्याला १८२. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शिक्षकांनी त्यासाठी पगारातून वर्गणी दिली. या मदतीने घर चालायचं. पण संशोधकाला फळा लागतो, समोर विद्यार्थी लागतात.

कोलकाता विद्यापीठाने लेव्हींना ते सगळं दिलं: हार्डिंज प्राध्यापकपद आणि गणित विभागाची धुरा. हे सहज होणारं नव्हतं. त्याच सुमारास रामन यांनी जर्मनीतून बाहेर पडलेले भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांना बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत बोलावलं, कायम ठेवून घेण्याची खटपटही केली. तेव्हा भर सभेत एका इंग्रज प्राध्यापकाने, मायदेशाने हाकललेला हा दुय्यम माणूस आपल्याला नको, अशा अर्थाचं भाषण केलं. त्या दिवशी घरी येऊन आपण रडलो, असं बॉर्न यांनीच आठवणींत लिहिलंय. ते एडिंबरोला गेले. पुढे त्यांना नोबेल मिळालं. आपल्या हातून काय निसटलं, याची मला आजही हळहळ वाटते.

कोलकात्यात लेव्हींनी आधुनिक बीजगणित रुजवलं. सांत, म्हणजे मोजकेच बिंदू असलेल्या, भूमितीवरची त्यांची व्याख्यानं १९४० ची, आलेख त्यातलाच. तरुण राजचंद्र बोस यांना सांत भूमितीचा विषय लेव्हींच्या सहवासात गवसला. पुढे अमेरिकेत त्या बोसांकडे आमच्या नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकलेले शरदचंद्र श्रीखंडे गेले. १९५९ मध्ये या दोघांनी गणितज्ञ पार्करसोबत ऑयलरचं लॅटिन चौरसांबद्दलचं १७८२ चं अनुमान खोटं ठरवलं. १९६३ मध्ये श्रीखंडे मुंबई विद्यापीठात आले.

लेव्ही स्वतः १९४८ मध्ये, साठीला पोचल्यावर, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९४९ पासून संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात भरायची. १९५२ मध्ये ते जर्मनीला परतले, बर्लिनमध्ये.

निवृत्तीच्या वर्षी ठिपके काढण्याआधी मी फळ्याच्या कोपऱ्यात तीन गावं लिहिली: लाइपझिग, कोलकाता, मुंबई. मग पांढरा खडू घेतला.