भुतरामहट्टीचे प्राणीसंग्रहालय : सीमाभागाचे जवळचे जंगल आणि 31 काळविटांचा धडा

बेळगाव : सीमाभागातील मुलांना वाघ-सिंह दाखवायचे म्हटले की पहिले नाव येते ते भुतरामहट्टीचे. निपाणी, संकेश्वर भागातील लोकांना पुण्याचे कात्रज दूर पडते आणि गोव्यातील बोंडलाला जायचे तर घाट उतरावा लागतो. भुतरामहट्टी मात्र हमरस्त्याला लागूनच आहे. सकाळी निघून संध्याकाळी घरी, असा हा सहलीचा हिशेब.

नाव आणि ठिकाण
या ठिकाणाचे पूर्ण नाव कित्तूर राणी चन्नम्मा प्राणीसंग्रहालय. 1824 मध्ये इंग्रजांशी लढलेल्या राणी चन्नम्मांचे जन्मगाव काकती येथून जवळच आहे. याच परिसरातील विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे. बेळगावहून कोल्हापूरच्या दिशेने जाताना काकती, होनगा ओलांडले की भुतरामहट्टी लागते. निपाणीकडून येणाऱ्यांनी संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरी मार्गे यावे.

काय पाहाल
आधी हे ‘निसर्गधाम’ होते. झाडीत फिरायचे, डबा खायचा आणि परतायचे, एवढेच त्याचे स्वरूप. पुढे ते कर्नाटक प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या अखत्यारीत आले. 2021 मध्ये बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानातून तीन सिंह आणले गेले आणि गर्दी वाढली. वाघ, बिबट्या, चितळ, मगर, मोर हेही येथे पाहायला मिळाले. गर्दी अर्थातच वाघ-सिंहांपाशी. काळविटांच्या कुंपणापाशी लोक फारसे रेंगाळत नसत.

नोव्हेंबर 2025
याच काळविटांमुळे हे प्राणीसंग्रहालय देशभरच्या बातम्यांत आले. 38 काळविटांपैकी 31 काळविटे काही दिवसांतच दगावली. मंत्र्यांनी चौकशीचे आदेश दिले आणि बन्नेरघट्टाहून तज्ज्ञ आले. तपासणीत जिवाणूजन्य रोगाचे निदान झाले : घटसर्प.

हे नाव सीमाभागातल्या शेतकऱ्याला नवे नाही. पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूमुळे होणारा हा रोग मुख्यतः गाई-म्हशींचा. एकाएकी सणसणून ताप येतो, गळ्याला सूज चढते, श्वास घरघरतो आणि कधीकधी काही तासांतच जनावर जाते. धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या घशातही हा जिवाणू दडून राहू शकतो. हवामान पालटले, जनावरावर ताण आला की तो उचल खातो. म्हणूनच पावसाळ्याच्या तोंडावर गोठ्यातील जनावरांना लस टोचून घेतात.

काळविटाचे तसे नाही. हा रानटी जीव. त्याला धरून सुई टोचायची म्हटली तर नुसत्या भीतीनेच तो प्राण सोडू शकतो. शिवाय तो कळपाने राहतो. माळावर रोग आला तर कळपाला पांगायला जागा असते, कुंपणात ती नसते. त्यामुळे आजार दिसल्यावर धावाधाव करून फारसे हाती लागत नाही. पाणी, चारा, जमीन स्वच्छ ठेवणे, नव्या जनावराला आधी वेगळे ठेवणे आणि एक जरी दगावले तरी त्याच दिवशी नमुने तपासणीला पाठवणे, हाच खरा बंदोबस्त.

काळवीट म्हणजे कोण
कन्नडमध्ये याला कृष्णमृग म्हणतात. नर काळा-पांढरा, पिळदार शिंगांचा. मादी तपकिरी आणि बहुधा बिनशिंगांची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला सर्वोच्च संरक्षण आहे. मोकळ्या माळावर त्याला पाहायचे असेल तर हावेरी जिल्ह्यातील राणेबेन्नूर किंवा महाराष्ट्रात कर्जतजवळचे रेहेकुरी गाठावे लागते.

जाणाऱ्यांनी हे पाळावे
प्राण्यांना खायला घालणे, डिवचणे, आरडाओरडा करणे, कचरा टाकणे, या सगळ्याला कायद्यानेच बंदी आहे. ‘एक केळ दिले तर काय झाले?’ हे तिथे चालत नाही. घरचे जनावर आजारी असेल तर गोठ्यातल्या चपला-कपड्यांनिशी तिकडे जाऊ नये. आणि आपल्या गाई-म्हशींची लस चुकवू नये. गोठा आणि प्राणीसंग्रहालय यांत कुंपण असले तरी रोगाला ते दिसत नाही.

वाघ-सिंह पाहायला लोक जातीलच, जावेच. पण मुलांना काळविटांच्या कुंपणापाशीही दोन मिनिटे थांबवावे आणि तिथे काय घडले ते सांगावे.