दोन बाळांसाठी एक बाबागाडी: चंद्रपूर-गडचिरोलीत काय पाहून घ्यावी?

दुहेरी बाबागाडी दोन प्रकारची असते. शेजारी-शेजारी बैठकींची गाडी जुळ्यांना सोयीची. पण ती रुंद असते, म्हणून आधी घराचे दार मोजा. मागे-पुढे बैठकींची गाडी अरुंद, पण लांब. वळवायला जड जाते. लहान बाळाची मान-पाठ सावरेपर्यंत त्याची बैठक पूर्ण आडवी होणारी हवी. पाच पट्ट्यांचा बेल्ट आणि पक्का ब्रेक दोन्हींत आवश्यक.

गावातल्या मुरमाच्या रस्त्यावर छोटी प्लास्टिकची चाके अडकतात. मोठी रबरी चाके घ्या. एसटीने वरचेवर प्रवास असेल, तर एकेरी हलकी गाडी आणि धाकट्यासाठी कापडी झोळी बरी.

सर्वांत महत्त्वाचे छत. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो. ऊन लागू नये म्हणून गाडीवर दुपटे टाकले, तर आत हवा कोंडते, उष्णता वाढते आणि बाळाला उष्माघात होऊ शकतो. त्यामुळे छत मोठे, बाजूंना जाळीचे असावे. भर दुपारी मात्र कोणत्याही गाडीतून बाळांना बाहेर नेऊ नका. गडचिरोलीत हिवतापाचा धोका असल्याने संध्याकाळी मच्छरदाणी लावा.