आभाळावरची जकात
जमीन ज्याची, वरचे आभाळही त्याचेच. रोमन कायद्याच्या मध्ययुगीन भाष्यकारांनी हे सूत्र मांडले तेव्हा वाद असत ते शेजाऱ्याच्या वळचणीचे, कुंपणावरून झुकलेल्या फांद्यांचे. विमाने आल्यावर देशांनी तेच सूत्र उचलले. फ्रेंच कायदेपंडित पॉल फोशी यांनी १९०१ मध्ये हवा मुक्त असल्याचे मांडले होते. पण पहिल्या महायुद्धात आभाळातून बॉम्ब पडू लागले आणि तो विचार मागे पडला. आपल्या भूमीवरच्या हवाई हद्दीत प्रत्येक देशाची संपूर्ण सत्ता असते, हे १९१९ च्या पॅरिस कराराने मान्य केले.

१९४४ च्या शिकागो कराराने ही सत्ता कायम ठेवली, पण पंधराव्या कलमात तिला लगामही घातला. केवळ डोक्यावरून जाऊ दिले म्हणून कोणी शुल्क घ्यायचे नाही, मोबदला घ्यायचा तो दिलेल्या सेवेचा. मला हे कलम साऱ्या करारात सर्वांत शहाणपणाचे वाटते. युरोपात या सेवेचे बिल अंतर आणि विमानाचे वजन यांवर ठरते, पण वजनाचे वर्गमूळ घेऊन. त्यामुळे ५० टनी विमानापेक्षा २०० टनी विमानाला त्याच वाटेसाठी चौपट नव्हे, दुप्पट पैसे पडतात. अरबी समुद्रावरच्या आभाळाचा मोठा पट्टा मुंबईच्या हवाई वाहतूक नियंत्रकांकडे आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडचे आभाळ भारताचे नाही, तरी तिथून जाणाऱ्या विमान कंपनीला भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे बिल येते. विमानांमध्ये सुरक्षित अंतर राखण्याचे ते मोल आहे.

सायबेरियात मात्र या तत्त्वाला बगल दिली गेली. युरोपातून जपानला जायची जवळची वाट तिथून जाते. त्या वाटेसाठी युरोपीय कंपन्या रशियाच्या एरोफ्लोट कंपनीला २०२२ पर्यंत वर्षानुवर्षे रॉयल्टी मोजत होत्या. कागदावर तो दोन कंपन्यांमधला व्यवहार, प्रत्यक्षात ती जकातच.

उपग्रहांची गोष्टच वेगळी. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सुटलेला स्पुटनिक कोणाचीही परवानगी न घेता देशोदेशींच्या डोक्यावरून फिरला. कोणत्याही सरकारने रीतसर हरकत घेतली नाही आणि त्या मौनातूनच प्रथा पडली. १९६७ च्या अंतराळ कराराने अवकाशावर कोणालाही मालकी सांगता येणार नाही असे ठरवले. हवाई हद्द संपून अवकाश नेमके कुठे सुरू होते, हे मात्र आंतरराष्ट्रीय कायद्याने आजही ठरवलेले नाही.

१९७६ मध्ये कोलंबिया, इक्वेडोर, केनिया, इंडोनेशिया अशा विषुववृत्तावरच्या देशांनी बोगोटा येथे दावा केला, की सुमारे ३५,८०० किलोमीटरवरची भूस्थिर कक्षा आमच्या भूमीवरची, म्हणून आमची. त्यांचा कायदा लंगडा होता, पण तक्रार खरी होती. या कक्षेतल्या जागा, जो आधी येईल त्याला मिळत होत्या, आणि आधी पोहोचण्याची ऐपत मोजक्याच देशांकडे होती. विषुववृत्तावरच्या देशांची मालकी जगाने मानली नाही. तक्रारीची दखल मात्र घेतली गेली. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या परिषदेने भूस्थिर कक्षेत प्रत्येक देशासाठी किमान एक जागा राखून ठेवली.