सर्रा रोग : एका अनुमानाचा इतिहास

घोडे, उंट इत्यादी जनावरांना होणाऱ्या ‘सर्रा’ या रोगाचे नाव त्याच्या कारणाच्या शोधाहून जुने आहे. काही इंग्रजी कोशांत हे नाव नाकपुडीतून निघणाऱ्या श्वासाचा वाचक असलेल्या मराठी ‘सूर’ शब्दापासून आले असे म्हटले आहे. पशुवैद्यकाच्या ग्रंथांत मात्र कुजण्याच्या अर्थाचे हिंदी मूळ दिलेले आढळते. कोणतेही मत ग्राह्य धरले, तरी नाव रोगाच्या लक्षणावरून पडले एवढे निश्चित.

कारणाचा शोध 1880 साली लागला. डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ एव्हान्स या लष्करी पशुवैद्याला आजारी घोड्याउंटांच्या रक्तात वळवळणारे एकपेशीय परोपजीवी दिसले. ते रक्त निरोगी जनावरांना टोचून त्याने रोग उत्पन्न करून दाखविला. तथापि त्याचा निष्कर्ष सहजी स्वीकारला गेला नाही. टिमथी लुईस याला 1878 मध्ये कलकत्त्याच्या उंदरांत तशाच आकाराचे जंतू आढळले होते, आणि ते उंदीर निरोगी दिसत होते. उंदराला जे बाधत नाही ते घोड्यालाही बाधणार नाही, हे अनुमान एव्हान्सच्या प्रयोगाच्या आड आले. पुढे या जंतूच्या नावात एव्हान्सचेच नाव गोवले गेले, आणि 1901 मध्ये लिओनार्ड रॉजर्स याने चावऱ्या गोमाश्यांद्वारे रोगाचा प्रसार होतो हे दाखविले.

परंतु सर्रा केवळ पाळीव जनावरांचा रोग, ही समजूतही टिकली नाही. सन 2000 मध्ये ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात दहाहून अधिक वाघ याच रोगाने दगावले. वन्य प्राणी पिंजऱ्यात आला, तरी माशीला गज अडवीत नाहीत. शिवाय बाधित जनावराच्या ताज्या मांसातूनही मांसभक्षकांना संसर्ग होऊ शकतो.

माणसाच्या रक्तातील एक प्रथिन या जंतूचा नाश करते. त्यामुळे मनुष्य सुरक्षित मानला जाई. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच जंतू सापडला. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार आनुवंशिक दोषामुळे त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हते. औषधोपचाराने तो बरा झाला.

या इतिहासात निरीक्षणे बहुधा अचूक होती. कलकत्त्याचे उंदीर खरोखरच निरोगी होते. चूक झाली ती एका आश्रयदात्या प्राण्याविषयीचे सत्य दुसऱ्यालाही लागू करण्यात. परोपजीवी जंतूची घातकता त्याच्या एकट्याच्या ठायी नसते. ती जंतू आणि आश्रयदाता यांच्या संबंधातून ठरते.